सनईवाल्याचे दात

“तुम्हाला काही भरायचं नाही. उलट कापलेले चोवीस हजार सरकारच तुम्हाला परत देईल,” वाचनालयातल्या मोफत कर-मदत शिबिरात मॅडम म्हणाल्या.

तातोबा सनईवाला ताडकन उठला. लग्नांचं काम देणारी कंपनी दरवेळी त्याच्या बिदागीतून कर कापायची. ते पैसे बुडालेच, असं त्याने धरलं होतं. अपघातात पुढचे दात गेल्यापासून सनई मुकी होती आणि नवे बसवायला पैसे नव्हते.

बाहेर येऊन त्याने बायकोला फोन लावला. “शेवंते, दात आले!”

“कुणाला?”

“मला!”

पैसे आले, दात बसले. त्या दिवशी अंगणात त्याने सनई फुंकली आणि पहिलाच सूर मोकळा लागला. शेवंता भाकरी तव्यावरच सोडून धावत आली. करपल्याचा वास दारापर्यंत आला, तरी कुणी हललं नाही.