वीतभर तांबडी माती

कुदळीचा तिसरा घाव मातीत गेलाच नाही. खणकन वाजला.

दगड असेल म्हणून दिपेशने कुदळ बाजूला ठेवली. मृणाल खाली बसली. चौसष्ट वर्षांचे गुडघे, बसायला वेळ लागला. तिने हाताने माती सारली तेव्हा निळ्या टाइलचा तुकडा निघाला. त्याखाली प्लास्टरचं ढेकूळ, सळईचं टोक, सिमेंटच्या गोणीची चिंधी. वर वीतभर तांबडी माती आणि खाली कुठल्या तरी पाडलेल्या बिल्डिंगचं डेब्रिज.

त्या डेब्रिजवर तिच्या गवताची मुळं आडवी पसरली होती. चटईसारखी. एकही मूळ खाली गेलं नव्हतं.

डॉक्टर मृणाल साळवीने एकतीस वर्षं एकच काम केलं होतं, माती धरून ठेवणारं गवत तयार करायचं. कोकणातल्या दरडींवरून वाळ्याची बेटं आणायची, लावायची, उपटायची, मुळं मोजायची, पुन्हा लावायची. त्यातून ‘सह्य-नऊ’ निघालं. दहा फूट सरळ खाली जाणारं मूळ. मोहन्याच्या अंगाच्या या टेकडीवर चार वर्षांपूर्वी ते तिनेच उभं राहून लावून घेतलं. टेकडीच्या त्या बाजूला टॉवर आहेत. त्यांच्या मागे काँक्रीटची भिंत झाली, वर लोखंडी जाळी लागली. या बाजूला चाळ आहे. चाळीला गवत मिळालं. स्वस्त, हिरवं, फोटोत झकास. भिंतीची गरज नाही असं फायलीत लिहिलं गेलं आणि त्याखाली सही मृणालची होती.

आता मे संपत आला होता आणि चाळीला पालिकेच्या नोटिसा लागल्या होत्या. पाच जूनच्या आत खोल्या रिकाम्या करा, नाहीतर गवत शाबूत असल्याचं तज्ज्ञाचं पत्र आणा. खोल्या रिकाम्या करणाऱ्यांचं काय होतं ते चाळीला माहीत होतं. पलीकडची चाळ तीन वर्षांपूर्वी ट्रान्झिट कॅम्पात गेली ती तिथेच आहे, आणि तिच्या जागेभोवती बिल्डरचे निळे पत्रे लागलेत. म्हणून चाळ कमिटीचा दिपेश सकाळीच माजिवड्याला जाऊन मॅडमना रिक्षात घालून घेऊन आला होता. पत्र टाइप करून तयार होतं. बायकांनी कोकम सरबत केलं होतं. पुरुषभर उंच गवत सगळ्यांनी मिळून कौतुकाने दाखवलं होतं. खणायचं कोणाच्याच डोक्यात नव्हतं. तो हट्ट मृणालचा.

हे इथे कधी टाकलं, असं तिने विचारलं.  अगदी उताराला टेकलेल्या खोलीतल्या आवडाबाई बोलल्या. मॅडम यायच्या आधी वर्षभर पहाटे पहाटे डंपर यायचे. मग एक दिवस वरून लाल माती पसरली आणि मॅडमना बोलावलं.

“मग तेव्हा मला सांगितलं का नाही?”

“तुमी मातीच्या पुड्या भरून नेल्या की. आमाला वाटलं, शिकलेलं माणूस हाय, कळलं असंल.”

पुड्या तिने नेल्या होत्या. वरच्या वीतभर मातीच्या. लावणीसाठी तेवढीच तपासतात, तिच्याच पुस्तिकेत तसं छापलंय. गवत जगेल का, हे तिने तपासलं होतं. माणसं जगतील का, हा रकाना त्या फॉर्मात नव्हता आणि तिने तो कधी मागितलाही नव्हता.

दिपेश तिच्या शेजारी उकिडवा बसला. आवाज खाली आणून बोलला. त्याच्या आईला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला कल्याणला न्यावं लागतं. कॅम्प टिटवाळ्याच्याही पुढे. तिथून तिला दर वेळी कोण आणणार.

“आणि मॅडम, पत्रात टेकडीचं नावच नाहीये. वाचा ना. गवत निरोगी आहे, एवढंच लिहिलंय. आहे ना निरोगी? मग खोटं काय आहे त्यात?”

मृणालने पत्र वाचलं. खरंच, त्यात खोटा शब्द एकही नव्हता. असली पत्रं तिने आयुष्यभर लिहिली होती.

तिने कागद उलटा केला, गुडघ्यावर ठेवला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं. हा उतार भरावाचा आहे, गवत तो धरू शकत नाही. तपासणी अपुरी होती, चूक माझी. पावसाआधी खोल्या रिकाम्या कराव्यात आणि भिंत बांधून माणसांना परत आणावं. खाली सही केली.

दिपेशने ते दोनदा वाचलं. चिडला नाही. घडी घालून खिशात ठेवलं. “राहू द्या मॅडम. तुमचं चार वर्षांपूर्वीचं पत्र आहे फायलीत, त्याची झेरॉक्स लावतो. सही तुमचीच आहे. वॉर्ड ऑफिसात तारीख कोण बघतंय?”

आपण स्वतः वॉर्डात जाऊ, आत्ताच जाऊ, असं ती म्हणाली. मागून कोणीतरी म्हणालं, जा की, येताना टेम्पो पण घेऊन या सामान न्यायला. दोघे-तिघे हसले. मग खड्डा बुजवला गेला आणि एकेक जण उन्हातून आपापल्या दारात गेला. सरबताचे ग्लास कोणी उचलले नाहीत.

आवडाबाई तेवढ्या थांबल्या. त्यांची नात संचिता दारात वहीला कव्हर घालत बसली होती. तिच्याकडे एकदा बघून त्या मृणालच्या अगदी जवळ आल्या.

“मॅडम, लिहिण्याचं जाऊ द्या. पावसात पोरीची उशी कुठल्या भिताडाला करू, तेवढं सांगा.”

मृणालने दारातून आत पाहिलं. खोली आठ बाय दहाची होती.