पाणी जपून वापरा

“घोषणेतला ‘साथ’ हा शब्द आधी खोडा, सिस्टर,” फोनवर डॉक्टर म्हणाले. “परवा मतदान आहे. आणि ‘उकळून प्या’ तर मुळीच नको. मंत्र्यांनी गेल्याच महिन्यात स्वतःच्या हाताने तो नळ सोडलाय.”

“डॉक्टर, त्याच नळाने पोरं दगावतायत. सकाळी एक गेलं.”

“मला का कळत नाही? वरून आलंय. ‘पाणी जपून वापरा’ एवढंच म्हणा. शहाण्याला शब्दाचा मार.”

फोन बंद झाला. दवाखान्याची गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी होती आणि सिस्टरच्या मांडीवर माईक होता. सकाळचं ते पोर तिच्याच हातात थंड पडलं होतं. जुलाबांनी इतकं सुकलेलं, की सलाईनला शीर सापडेना. पण नोकरीची वेसण नाकात होती. डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच ती माईकवर म्हणाली.

“नागरिकांनो, पाणी जपून वापरा!”

गल्लीत एकच धांदल उडाली. जपून वापरा म्हणजे नळ जाणार, हे शेंबड्या पोरालाही कळतं! बादल्या आल्या, पिंपं आली, कुणी दुधाचं पातेलंही रिकामं करून आणलं. माणसं ते विष घरात साठवायला एकमेकांना ढकलत होती.

आपणच सांगितलं यांना. नोकरी गेली खड्ड्यात, म्हणत सिस्टरने माईक तोंडाला लावला. “अहो, भरू नका! उकळून प्या! साथ आहे, साथ!”

नेमकी तेव्हाच प्रचाराची गाडी आत वळली. तिच्यावर चार भोंगे. “घरोघरी नळ आणला! आम्हाला साथ द्या! साथ द्या!” नगाऱ्यापुढे टिमकी ती काय वाजणार?

सिस्टर माईक टाकून खाली उतरली. बादल्यांच्या गर्दीतून वाट मिळेना. पलीकडे नळाशी एक बाई कडेवरच्या लेकरासाठी पेला भरत होती.

“बाई, साथ आहे! साथ!” सिस्टर बेंबीच्या देठापासून ओरडली. घसा फाटला, डोळ्यांतून पाणी आलं.

बाईने वर पाहिलं. ओळखीचं हसली. हात उंचावून तीही ओरडली, “हो हो, सिस्टर! आमचीपण साथ आहे!”

आणि तिने पेला लेकराच्या ओठाला लावला.