लाठीमाराची नक्कल

बेचाळीसच्या मिरवणुकीत पोलिसांनी जगदेव सुताराच्या धाकट्या भावाचं डोकं फोडलं आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. मयतीच्या दाखल्यावर मात्र 'बैलबंडीवरून पडून' असं आलं. ते खोटं पाडायचं, तर लाठीमाराच्या नोंदीची नक्कल हवी. तिच्यासाठी जगदेवनं जऊळक्याहून कचेरीत पायी चार खेटे घातले. पाचव्या खेपेला कारकुनानं रोजनामा उघडून पाहिला.

"लाठी उचललीच नाही ना गा कोनी त्या दिवशी! नक्कल कायची देऊ तुले?"

जगदेव दारापर्यंत गेला, तोच मागून हाक आली.



"अन् सुतारा, सोमवारच्या आत ठाण्यात बारा लाठ्या करून दे. जुन्या साऱ्या त्याच दिवशी मोडल्या."