ग्रीक-लॅटिनची शेवटची विद्यार्थिनी

"ग्रीस आणि रोम नसते, तर आपण आज माणूस म्हणवून घ्यायच्या लायकीचे नसतो," कुलगुरूंनी जाहीर केलं. ऐकणाऱ्या बाई मात्र उभ्याच होत्या, कारण समोरच्या खुर्चीत कालच्या सत्काराचे पुष्पगुच्छ बसले होते. बाई ग्रीक-लॅटिन विभागाच्या प्रमुख, आणि विभागात शिकवणाऱ्याही त्या एकट्याच.

"मग आमचा विभाग बंद का करताय?"

"विद्यार्थी कुठे आहेत, बाई?"

"एक आहे. तिचं शेवटचं वर्ष राहिलंय."

"तिला हॉटेल मॅनेजमेंटला घेऊ की. रोमन लोकही खाण्यापिण्याचे शौकीनच होते ना."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या पोरीने घरच्यांशी भांडून हा विषय घेतला होता, धातूंची रूपं घोकून घोकून घसा बसवून घेतला होता, आणि आता कुठे ग्रीक नाटकातला विनोद वाचून तिला आपलं आपण हसू फुटायला लागलं होतं. बाईंनी टेबलावर हात आपटला. रोमच्या गादीवर बसलेल्या झाडून सगळ्या नालायक सम्राटांची नावं घेऊन त्यांनी कुलगुरूंना त्यांच्या पंगतीत नेऊन बसवलं. बाहेरच्या शिपायाने दार हळूच ओढून घेतलं.

कुलगुरूंनी सगळं शांतपणे ऐकलं. मग कौतुकाने म्हणाले, "काय पाठांतर आहे हो तुमचं. बाई, आमच्याकडे परवा कुत्र्याचं पिल्लू आणलंय. यातलं एखादं सुचवता का, हाक मारायला सोपं असं?"