बिनदाण्याचा फोटो

जवाहरनगरच्या क्वार्टरमागे लिंबूच्या झाडात बुलबुलाचं घरटं होतं. दाट पानांच्या अंधारामुळं मोतीलालनं काढलेला घरट्याचा एकेक फोटो रव्यासारखा दाणेदार यायचा. शेवटी वैतागून त्यानं कात्री काढली.

"कायले तोडता जी फांद्या? त्या पानायनंच तर पिल्लं झाकून आहेत," त्याची बायको शोभा म्हणाली.

"उजेड पडला का दाणे जातेत," म्हणत त्यानं चार फांद्या उतरवल्या.

तिसऱ्या दिवशी कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यानं काढलेला फोटो आला. घरट्याच्या काठावर ऐटीत बसलेला भारद्वाज, पीस न् पीस मोजून घ्यावं इतका साफ. 'सकाळी सकाळी भारद्वाजाचं दर्शन, दिवस शुभ जाणार,' असं लिहून लोकांनी तो दुपारपर्यंत गावभर फिरवला.



चोचीतलं पिल्लूही तितकंच साफ आलं होतं.