फुली

धावपट्टी कायमची बंद झाली, की तिच्यावर चुन्याची मोठी फुली काढतात. म्हणजे वरून वैमानिकाला कळतं, इथे उतरायचं नाही. टपालाची, फवारणीची विमानं यायची तेव्हापासून तिच्या कडा मीच रंगवायचो, म्हणून फुलीही माझ्याच वाट्याला आली. बायको बादलीसमोर उभी राहिली. “फुली मारलीत तर आपला पोरगा उतरणार कुठे?” पोरगा इथूनच विमान घेऊन वादळात उडाला, तो परतलाच नाही; विमानही सापडलं नाही. “अगं, टाकीत तेल त्या संध्याकाळपुरतंच होतं.” “सापडला का? नाही ना? मग?”  मी दोरीचं एक टोक दगडाला बांधून दुसरं ताणलं; दगड घसरला, रेघ वाकडी गेली. पुन्हा तेच. “जन्म गेला रेघा मारण्यात, अजून सरळ येत नाही,” ती म्हणाली. मग दगड बाजूला सारून तिनं दोरी मुठीत धरली. “घ्या, ओढा.”