हिरवा दोरा

"हा कोट माझा नाही," शाळेतल्या विज्ञानाच्या बाई म्हणाल्या आणि पांढरा कोट त्यांनी काउंटरवर ठेवला. "माझ्या कोटाच्या खिशाला शाईचा डाग आहे. हा दातांच्या डॉक्टरांचा असणार. यात मी दोनदा मावेन."

लाँड्रीवाल्याने इस्त्री उभी करून ठेवली. गल्लीत त्याला सगळे कॉम्प्युटर म्हणत. तीस वर्षांत त्याने कुणाला पावती दिली नव्हती की कपड्यावर खूण केली नव्हती. नुसती कॉलरची झीज बघून तो घर सांगायचा. हल्ली मात्र कपड्यांचं सोडा, सकाळचा चहा झाला की नाही हेही या कॉम्प्युटरला सांगता येत नव्हतं. लोक तोंडावर काही बोलत नसत. त्याचंच त्याला जास्त वाईट वाटायचं.

"संध्याकाळपर्यंत घरपोच देतो, बाई."

"मागच्या आठवड्यातही असंच म्हणाला होतात," बाई म्हणाल्या आणि पायरी उतरून गेल्या.

त्याने कोट उलटा केला. कॉलरच्या आत, शिवणीला लागून, हिरव्या दोऱ्याचे दोन टाके होते. गठ्ठ्यातला एक शर्ट उचलून पाहिला. निळे टाके. दुसरा उचलला. पिवळे.

मागे स्टुलावर बायको बटणं लावत बसली होती.

"हे तू घातलेस?"

"हो."

"कधीपासून?"

"वर्ष होईल."

"माझ्या पाठीमागे?"

"तुमच्यासमोरच. तुम्ही पेंगत होता."

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीस वर्षांचं नाव, आणि वर्षभर ते बायकोच्या दोन टाक्यांवर तगून होतं. "मग खूण असून कोट चुकला कसा? हिरवा कुणाचा?"

"दातांच्या डॉक्टरांचा."

"आणि विज्ञानाच्या बाईंचा?"

"हिर..." ती थांबली. दोऱ्यांच्या डब्याकडे बघत राहिली. "त्यांनाही हिरवाच घातला वाटतं मी."

"घ्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान," तो म्हणाला. त्याला बरं वाटलं. विसरणारा घरात तो एकटाच नव्हता.

तिचं लक्ष नव्हतं. ती सुई शोधत होती. डब्यात पाहिलं, मांडीवर पाहिलं, स्टुलाखाली वाकून पाहिलं. सुई तिच्याच बाहीला टोचलेली होती, दोरा कोपरापर्यंत लोंबत होता. काखेत कळसा, असं त्याच्या अगदी ओठावर आलं होतं. पण तेवढ्यात तिने मान वर केली आणि त्याला तिचे डोळे दिसले. खोल गेलेले, खाली काळे.

"तू रात्री झोपतेस ना?" त्याने विचारलं.

"तुमचा श्वास थांबतो. मी मोजते. वीसपर्यंत आला नाही की ढोसते. मग येतो. मग परत थांबतो."

"रोज?"

"श्वास रोजच लागतो," ती म्हणाली आणि पुन्हा सुई शोधायला लागली.

दोन महिन्यांपूर्वी इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला समोर बसवून सगळं समजावलं होतं. झोपेत घसा मिटतो, श्वास तुटतो, रात्रभर मेंदू दचकून जागा होतो. मग दिवसा पेंग येते, आठवण जाते, रक्तदाब चढतो, हृदय थकतं. श्वासाचं मशीन घरी आलं होतं. ही सोंड लावून मी झोपणार नाही, असं म्हणून त्याने दुसऱ्याच दिवशी ते खोक्यात घालून कपाटावर टाकलं होतं. "जातंय ते माझं जातंय," असं तो वर म्हणाला होता.

त्याने इस्त्रीचा प्लग काढला. भरदुपारी शटर खाली ओढलं. तिच्या बाहीतली सुई काढून डब्यात ठेवली आणि मागच्या खोलीत जाऊन कपाटावरचं खोकं उतरवलं.

"आत्ता?" तिने विचारलं.

"आत्ता. तू इथेच टेक."

मास्कचा पट्टा त्याला जमेना. तो तिनेच लावला. तो खाटेवर आडवा झाला. ती खाली कपड्यांच्या गाठोड्याला टेकून बसली. मशीन घुमायला लागलं आणि सवयीने तिचे ओठ हलायला लागले.

"एक, दोन. एक, दोन, तीन. एक, दोन."

आकडा तीनच्या पुढे जाईना. ती पुन्हा एक म्हणाली, आणि दोन आलंच नाही. त्याने हळूच मान वळवली. तिचं डोकं गाठोड्यावर कलंडलं होतं.

उभ्याउभ्या पेंगणाऱ्या माणसाला आता झोप येईना. बाहेर कुणीतरी शटर वाजवलं. "कॉम्प्युटर, आहात का? अहो, कोट बदललाय." दातांच्या डॉक्टरांचा आवाज त्याने ओळखला. एरवी तो धावत गेला असता.

तो हलला नाही. तिला झोपेतही ऐकू जाईल असा, एकसारखा, एकेक श्वास तो मोजून घेत राहिला.